शिडाच्या सात घड्या

पेटीचे झाकण बसत नव्हते. कौमुदीच्या हिशेबाने ते सहज बसायला हवे होते.

पेटीत येवल्याच्या शाळेचे सौरशीड (सूर्यप्रकाशाच्या रेट्यावर अवकाशात सरकणारे शीड) होते. एकशे साठ सेंटीमीटर लांब आणि तेवढाच रुंद असा चंदेरी पापुद्रा. त्याची जाडी मिलिमीटरचा विसावा भाग. पेटी आतून एकवीस सेंटीमीटर लांब-रुंद, पण खोली फक्त चार मिलिमीटर. चार वाजता गाडी येणार होती. तिच्यात पेटी गेली नाही, तर अवकाशयानातली जागा दुसऱ्या शाळेला मिळणार होती.

सातवीतल्या कौमुदीने सकाळी प्रयोगशाळेतल्या धूळमुक्त काचेच्या कपाटात शीड मधोमध दुमडत तीन घड्या घातल्या. जेवायला जाताना ती नामदेव आजोबांना म्हणाली, "बाकीच्या तुम्ही घाला." आजोबांनी चाळीस वर्षे पैठणीच्या दुकानात साड्यांच्या घड्या घातल्या होत्या. त्यांनी चार घातल्या.

"चारच का, आजोबा?"

"दुकानात शेवटच्या घड्या चारच असायच्या. साडी फळीच्या मापाची होते. हात आपोआप चालले बघ."

"हे काय फळीवर ठेवायचंय? आणि तरीही बसायला हवं! माझ्या तीन घड्यांचे आठ थर, तुमच्या चार घड्यांचे सोळा. एकूण चोवीस. दीड मिलिमीटरसुद्धा होत नाही!"

शाळेच्या यंत्रमानवाचे नाव होते नेमका. तो म्हणाला, "तीन वाजून दहा मिनिटं झाली. काचेचं कपाट उघडलं, की आत शिरलेली धूळ काढायला चाळीस मिनिटं लागतात. म्हणजे एकदाच उघडता येईल. किती घड्या सोडायच्या, ते आधी ठरवा. जास्त सोडल्या तर शीड लांबीला मावणार नाही."

"तूच सांग ना!"

"मी सांगितलं तर पेटीवर माझं नाव घालावं लागेल. ज्याचा हिशेब, त्याचं नाव, हा नियम तुमच्याच शाळेचा आहे."

आजोबांनी खिशातला रुमाल काढला आणि एकदा दुमडला. "किती थर?"

"दोन."

त्यांनी तो पुन्हा दुमडला. "आता?"

"चार. होते त्याच्या दुप्पट." कौमुदीने पेटीकडे पाहिले. "म्हणजे शीड तुमच्या हातात आलं तेव्हाच आठपदरी होतं! त्या प्रत्येक थराचे तुम्ही सोळा केलेत. मी बेरीज केली, तिथे गुणाकार हवा होता. आठ गुणिले सोळा, एकशे अठ्ठावीस थर. जाडी सहा मिलिमीटरच्या वर!"

नेमकाच्या पडद्यावर अक्षरे उमटली: २³ × २⁴ = २⁷.

"थरांचा गुणाकार होतो," तो म्हणाला, "तेव्हा घातांकांची (दोन किती वेळा घेऊन गुणले, ते सांगणाऱ्या वरच्या छोट्या आकड्यांची) बेरीज होते."

"म्हणूनच आम्ही घड्या मोजायचो," आजोबा म्हणाले. "थर मोजत बसलो असतो तर गिऱ्हाईक निघून गेलं असतं."

कौमुदीने वही ओढली. चार मिलिमीटरमध्ये ऐंशी थर बसतात. पण दर घडीला थर दुप्पट होतात, त्यामुळे ऐंशी कधी येणारच नाहीत. त्याच्या आतले चौसष्ट येतील. चौसष्ट थरांना घड्या किती? ती निम्मे करत गेली. बत्तीस, सोळा, आठ, चार, दोन, एक.

"सहा घड्या!"

"थरांवरून असा उलटा घड्यांचा आकडा काढला, की त्याला लॉगॅरिदम (पायाचा कितवा घात घेतला म्हणजे ती संख्या येते, ते सांगणारा आकडा) म्हणतात," नेमका म्हणाला. "पाया दोन असताना चौसष्टचा लॉगॅरिदम सहा."

"एवढं भारदस्त नाव, आणि काम घड्या मोजायचं?" आजोबा हसले.

"आणि भागाकाराची वजाबाकी होते," कौमुदी घाईने लिहीत होती. "एकशे अठ्ठावीस भागिले चौसष्ट, दोन. घड्यांमध्ये सात वजा सहा, एक. एकच घडी सोडायची! लांबी वीस, रुंदी वीस. मावतं!"

कपाट उघडले. धूळ निघाल्यावर आजोबांनी एक घडी सोडली आणि हलक्या हाताने हवा दाबून काढली. चारला पाच मिनिटे असताना झाकण बसले.

गाडी घेऊन आलेल्या बाई पेटी उचलताना म्हणाल्या, "पुढच्या वर्षी सोळापट क्षेत्रफळाचं शीड न्यायचंय. पेटी मात्र हीच."

कौमुदीने वही उघडली नाही. "म्हणजे आणखी चार घड्या. आणि पापुद्रा सोळापट पातळ."

"तेवढा पातळ पापुद्रा तुमच्या शाळेत अजून कुणी बनवलेला नाही," नेमका म्हणाला.

"वर्षभर आहे ना," कौमुदी म्हणाली, आणि प्रयोगशाळेत परत गेली.