हलवून बघितलंस का?

नेमबाजीची स्पर्धा आटोपली होती. गारेच्या ठिणगीवर उडणाऱ्या जुन्या धाटणीच्या बंदुका पुसून पेट्यांत गेल्या होत्या आणि शेकोटीभोवती चार-पाच तरुण तेवढे उरले होते. त्यांतल्या एकाने लिलावातून आणलेलं जुनं शिंग म्हाताऱ्या ऑरिन स्टौफरच्या हातात दिलं. बंदुकीची दारू ठेवायचं, बैलाचं, मधाच्या रंगाचं.

"खरं आहे का हो, ऑरिन? की प्लास्टिक? सुई तापवून टोचू?"

म्हाताऱ्याने ते कानाशी धरून हलवलं. तोंडाची खुंटी उपसून आत काडी फिरवली. मग म्हणाला, "टोच. पण आधी ट्रॅव्हिस हार्शबार्गरचं ऐक. माझ्या ओळखीतला पोरगा. खोटं वाटलं तर तंबूत जाऊन झोप."

क्लेटन आणि ट्रॅव्हिस, दोघे भाऊ. आईबाप लवकर गेले, थोरल्यानेच धाकट्याला वाढवलं. क्लेटनला शिंगांचा नाद. लिलाव, पडकी कोठारं, मेलेल्यांचे माळे धुंडाळून त्याने चाळीस शिंगं जमवली होती. अडीचशे वर्षांपूर्वीची. कशावर किल्ला कोरलेला, कशावर नुसतं नाव. ट्रॅव्हिसला त्यातलं ओ की ठो कळत नसे. शाळा नववीत सोडलेली. पण भाऊ निघाला की गाडी चालवायला हा तयार.

गेल्या ऑगस्टमध्ये क्लेटनने असंच नवं शिंग आणलं आणि खऱ्याखोट्याची परीक्षा करायला सुई तापवली. खरं शिंग असलं की केस जळल्याचा वास येतो. या शिंगाच्या तळाशी मूठभर दारू उरली होती. बंदुकीची काळी दारू म्हातारी होत नाही, धग लागली की पेटतेच. शिंग हातात फुटलं आणि त्याचा एक तुकडा क्लेटनच्या गळ्यात शिरला.

गावाने ठरवून टाकलं, प्यायला असणार. त्याची बायको रोवीनाही तेच म्हणाली. "हलवून बघितल्याशिवाय तो कधी टोचायचा नाही. शुद्धीत नव्हता मेला." तिने कबरीवर जाणंही सोडलं.

खरं काय ते एकट्या ट्रॅव्हिसला ठाऊक. सुई तापवता तापवता क्लेटनने टेबलावरून हाक मारली होती, "बारक्या, हलवून बघितलंस का?" टीव्हीवर बेसबॉलचा सामना चालू होता. ट्रॅव्हिसने मानही वळवली नाही. म्हणाला, "हो. रिकामं आहे."

त्याने शिंगाला हातसुद्धा लावला नव्हता.

नोव्हेंबरची चौदा तारीख, शुक्रवार. रोवीनाला ती शिंगं आता घरात नको होती. डोंगरापलीकडे एक घेणारा होता. सफरचंदांच्या खोक्यांत गोधड्यांमध्ये गुंडाळून ट्रॅव्हिसने सगळी शिंगं गाडीच्या हौद्यात चढवली. रोवीना दारात उभी राहून म्हणाली, "एकही परत आणू नकोस." तो रात्री नऊ वाजून वीस मिनिटांनी निघाला. माथ्यावरचा रस्ता कच्चा, दोन्ही बाजूंना पानं गळलेली झाडं.

माथा आला आणि मागे खडखड सुरू झाली. एकाच खोक्यातून. तो थांबला. उतरला. दोर आवळला. खडखड थांबली. तो परत आला, दार उघडलं...

शेजारच्या सीटवर क्लेटन बसला होता.

"दार लाव. गारठा येतोय."

ट्रॅव्हिस आत बसला आणि त्याने दार लावलं. भावाने सांगितलं की करायचं, ही जन्माची सवय. क्लेटनच्या गळ्याला रुमाल होता. मांडीवर खोक्यातलं एक शिंग होतं.

"तोंड काय वासलंयस? माशी जाईल. लायटर काढ."

"क्लेटन..."

"लायटर, बारक्या."

त्याने लायटर काढला. क्लेटनने कॉलरमध्ये खोवलेली सुई काढून त्याच्या हातात दिली. "हे एक तपासायचं राहून गेलं. तू तपास."

"आत दारू असेल."

"नाहीये. मी हलवून बघितलंय."

"एकदा... मला एकदा बघू दे."

क्लेटनने शिंग मागे घेतलं. "का रे? माझ्या शब्दावर भरवसा नाही? मी तुझ्या शब्दावर टोचली होती की नाही?"

इंजिन बंद पडलं होतं. केव्हा, ते त्याला कळलं नाही.

"मी बघितलं नव्हतं," ट्रॅव्हिस म्हणाला.

"मोठ्याने."

"मी हातसुद्धा लावला नव्हता! सामना चालू होता!"

"कोण जिंकलं?"

ट्रॅव्हिस लायटरचं झाकण उघडबंद करू लागला.

"कोण जिंकलं, बारक्या?"

"नाही... आठवत नाही."

क्लेटन हसला. रुमालाखालून हवा गेल्यासारखा आवाज आला. त्याने शिंग पुढे धरलं.

"टोच."

ट्रॅव्हिसने लायटर पेटवला. सुईचं टोक लाल झालं. त्याने डोळे मिटले. टोचलं. चर्र... केस जळल्याचा वास.

बाकी काही नाही.

डोळे उघडले. सीट रिकामी. शिंग त्याच्या मांडीवर, सुई त्यात रुतलेली.

तो तिथूनच मागे फिरला. रोवीनाला उठवून उंबऱ्यात उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "तीन महिने मी त्याला शिव्या घालतेय. तू समोर बसून माझ्या हातचं जेवत होतास." आणि दार लावून घेतलं. ते दार त्याच्यासाठी अजून उघडलेलं नाही.

ऑरिनने शेकोटीत ओंडका सरकवला.

"पहाटे तो खोकी घेऊन माझ्याकडे आला. घेणारा मीच होतो."

"म्हणजे शिंग रिकामंच होतं!" एकजण म्हणाला. "भाऊ तरी खरं बोलला."

ऑरिनने नकारार्थी मान हलवली.

"त्या शिंगाचं लाकडी बूड कुणी कधी काढलेलं नव्हतं. बारीक खिळे जुनेच होते. मी उपसले. शिंग गच्च भरलेलं. दारू कोरडी ठाक. चिमूटभर अंगणात पेटवली, भक्कन गेली. आणि सुई आरपार आत गेली होती."

शिंगवाला पोरगा शेकोटीपासून मागे सरकला.

"भोकाच्या मागे दारूचा एवढाच गोळा निघाला, तो काही केल्या पेटेना."

त्याने कोटाच्या खिशातून तंबाखूची चपटी डबी काढली. झाकण उघडलं. आत सुपारीएवढा काळा गोळा होता. त्याच्या एका बाजूला अंगठ्याचा ठसा. शिंगाच्या आतून भोकाकडे दाबलेला. रेघा दिसत होत्या.

"आज जूनची सहा तारीख," ऑरिन म्हणाला. "नोव्हेंबरपासून ही डबी मी चुलीवरच्या फळीवर, धगीला ठेवतो. लाव हात."

शिंगवाल्या पोराने बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं. बोट काळं झालं होतं.

ओलं.