पाद्रीबाईंना दिलेला नकार

हल शहरातून आलेल्या त्या पत्राला पाच चर्चचा कारकून सायलस प्रीस याने उत्तर दिलं नव्हतं. का, असं कोणी विचारलं असतं तर त्याने पत्र लिहिणाऱ्या बाईलाच दोष दिला असता.

पत्र लहानसंच होतं. 'पाच गावांच्या पाच चर्चना मिळून एक पाद्री हवा आहे, ही तुमची जाहिरात वाचली. पाद्र्याने काय काय करावं, याबद्दल तुम्ही दोन पानं भरून लिहिलं आहे. पाद्र्यासाठी तुम्ही काय कराल, हे मात्र कुठे सापडलं नाही. आधीचे पाद्री का गेले, हेही नाही. प्रामाणिकपणे कळवलंत, तर अर्ज करायचा की नाही ते मला ठरवता येईल.' खाली सही – ज्युडिथ ऑर्मरॉड.

प्रामाणिकपणे कळवलंत तर! सायलसने ते पत्र रेनकोटच्या खिशात कोंबलं आणि तिथेच राहू दिलं.

त्याच आठवड्यात त्याने वडिलांना पुरलं होतं. विथीफोर्डच्या चर्चला सव्वा वर्ष पाद्री नव्हता, म्हणून दफनविधीला शहरातून कोणी एक निवृत्त गृहस्थ उसने आणले होते. ते घाईत होते. एमॉस प्रीसने उभ्या जन्मात त्या चर्चची घंटा दुसऱ्या कोणाला वाजवू दिली नव्हती. आणि त्या एमॉसला ते गृहस्थ शेवटपर्यंत 'आपला बंधू अँड्र्यू' म्हणत राहिले. सायलस पहिल्या बाकावर होता. त्याने ती चूक सुधारली नाही. उलट, बाहेर पडताना त्याने त्यांच्याशी हात मिळवला आणि आभारसुद्धा मानले. ते आभार माशाच्या काट्यासारखे त्याच्या घशात अडकून बसले होते.

तेव्हापासून तो सगळ्यांवर चिडलेला होता. त्या गृहस्थांवर, बिशपवर, पाद्री नसताना मरण पावलेल्या वडिलांवर, आणि स्वतःवर तर फारच. पण त्याचा राग कोणाला दिसत नसे. तो जिल्ह्याच्या फिरत्या ग्रंथालयाची व्हॅन चालवायचा, आणि राग आला की पुस्तकांच्या रांगा जास्तच सरळ करायचा. त्या वसंतात रांगा अगदी ओळंबा लावल्यासारख्या सरळ होत्या.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी व्हॅन विथीफोर्डच्या चर्चसमोर, त्या जुन्या यू वृक्षाखाली उभी होती. पाऊस असा तिरपा येत होता की मेंढ्यासुद्धा भिंतीला चिकटल्या होत्या. एवढ्यात एका सायकलीचा ब्रेक किंचाळला, आणि हनुवटीपर्यंत बंद केलेल्या पिवळ्या रेनकोटातली एक बाई दारात उभी राहिली.

"आत येऊ? की आधी सभासद व्हावं लागतं?"

"आधी पाय पुसा."

तिने पाय पुसले. मग हातमोजे काढून छोट्या हीटरवर वाळत घातले, जणू घर तिचंच होतं. त्यांची वाफ सायलसच्या चष्म्यावर जमली. चष्मा पुसेपर्यंत तिने एक पुस्तक ओढलं होतं… आणि रांग मोडली होती.

"समोरच्या चर्चला कुलूप का हो? भिजणाऱ्या माणसाने जायचं कुठे?"

"उघडायला माणूस नाही म्हणून कुलूप."

"पाद्री?"

"पाद्री!" सायलस म्हणाला, आणि काय झालं कोण जाणे, सव्वा वर्षाचं बूच उडालं. "होता ना! लेसी नावाचा भला माणूस होता. रविवारी पाचही चर्चमध्ये धावायचा. नाताळला मध्यरात्रीची प्रार्थना प्रत्येक गावाला बरोब्बर मध्यरात्रीच हवी! दुसऱ्या दिवशी तो सापडला अपर कोम्बच्या चर्चमध्ये – बूट मांडीवर घेऊन बसलेला. आपण कोणत्या गावात आहोत, हेच त्याला सांगता येईना. त्यानंतर तो काम सोडूनच गेला. आणि आम्ही काय म्हणालो, माहीत आहे? प्रवचन यंदा फार आटोपतं झालं!"

"बाप रे."

"आता जाहिरात दिलीय. पाद्री तरुण हवा, पण अनुभवी. गिटार वाजवणारा हवा, पण जुन्या प्रार्थनेचा काना-मात्रा न बदलणारा. आणि बायको शक्यतो केक करणारी!"

ती हसली. मोठ्याने, डोकं मागे टाकून. सायलसला आणखी राग आला… आणि त्या हसण्याचा शेवट होऊ नये असंही वाटलं.

"पंचाईतच आहे," ती म्हणाली. "मला बायको नाही, आणि केक येत नाही." तिने रेनकोट उघडला. गळ्याशी पाद्र्याची पांढरी पट्टी होती. "ज्युडिथ ऑर्मरॉड. पत्राचं उत्तर येईना, म्हणून रजा काढून आले. गावात विचारलं, तर कारकून या व्हॅनमध्ये सापडेल म्हणाले. आलं की उत्तर. घरपोच!"

सायलसच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "ते उत्तर नव्हतं. ते नुसतं… ओरडणं होतं."

"मग उत्तर राहिलंच म्हणायचं. लेखी द्या."

"अर्ज करू नका तुम्ही. खातील तुम्हाला."

तिचं हसू मावळलं. "मिस्टर प्रीस, मी सहा वर्षं इस्पितळात मरणाऱ्या माणसांजवळ बसलेय. मला कोण खाईल आणि कोणाला मी पचणार नाही, हे माझं मला कळतं. हे पुस्तक नेते."

"तुम्ही सभासद नाही!"

"तुमच्या नावावर लिहा." आणि ती पावसात गेलीसुद्धा.

त्याने ते आपल्या नावावर लिहिलं.

तिची रजा आठवड्याची होती. व्हॅन रोज वेगळ्या गावी थांबायची, आणि दुपार कलली की ती सायकल तिथे हजर. दोघं भांडायचे. ती पुस्तकं उलटीसुलटी ठेवायची, तो लावायचा. "तुम्हाला राग आला की उजवी भुवई वर जाते," ती म्हणायची. "तुमच्याकडे बघायला माझ्याकडे वेळ नाही," तो म्हणायचा – आणि काच पुसून रस्त्याच्या वळणाकडे बघत बसायचा, सायकल दिसते का ते.

शेवटच्या दिवशी त्याने तिला वडिलांच्या दफनाबद्दल सांगितलं. का सांगितलं, ते त्यालाही कळलं नाही. ती हसली नाही की हळहळली नाही. लालबुंद झाली.

"कुठे आहेत ते?"

"कोण?"

"तुमचे वडील. दाखवा मला."

कबरीवरचं गवत नुकतंच धरू लागलं होतं. भुरभुर पाऊस होता. ती पुस्तक न उघडता उभी राहिली आणि दफनाची प्रार्थना तिने पहिल्यापासून म्हटली. जिथे जिथे नाव येतं तिथे तिथे, शेजारच्या शेतातल्या मेंढ्यांनी मान वर करावी इतक्या खणखणीत आवाजात म्हणाली – "एमॉस!" सायलस बाजूला उभा होता. चष्मा काढावा की ठेवावा, हे त्याला सुचत नव्हतं. तिने न बघता आपला हातमोजा त्याच्या हातात दिला. रुमाल नव्हता तिच्याकडे.

ती परत गेली, आणि तिने अर्ज केला.

जूनमध्ये निवड होती. त्या भागात पाद्री निवडायची रीत अशी की प्रत्येक गावाचा एक प्रतिनिधी बसतो, आणि एकाने जरी नकार दिला तरी नेमणूक होत नाही. दुसरी रीत जाहिरातीत छापत नाहीत: उमेदवाराला पाचही गावी चहा घ्यावा लागतो, आणि कोणत्याही ताटलीत काही उरवायचं नसतं. विथीफोर्डचा प्रतिनिधी सायलस होता. अपर कोम्बच्या होत्या मॅव्हिस बफ्टन, वय ऐंशीच्या पुढे.

"बाई पाद्री?" मॅव्हिसबाई सकाळीच म्हणाल्या होत्या. "माझ्या मढ्यावरून जाईल ती!"

"त्यासाठीही पाद्री लागेल, मॅव्हिसकाकू," सायलस म्हणाला.

ज्युडिथने पाचही गावांत चहा घेतला, प्रश्नांना उत्तरं दिली, आणि गाडी पकडायला स्टेशनवर गेली. सायलसकडे तिने दिवसभरात एकदाच पाहिलं – सॉसेज रोल तोंडात असताना, डोळ्यांनी 'वाचवा' म्हणत.

संध्याकाळी सगळे अपर कोम्बच्या चर्चमध्ये बसले. बिशपच्या वतीने आलेले आर्चडीकन घड्याळाकडे बघत म्हणाले, "सगळ्यांना पसंत दिसतात. फोन लावतो."

"नाही," सायलस म्हणाला.

सगळे वळले. हा माणूस सभेत बोलतो, हीच बातमी होती.

"माझा नकार आहे." त्याने खिशातून चुरगळलेलं पत्र काढलं आणि मोठ्याने वाचलं. "याचं उत्तर आपल्याकडे आहे का? लेसीला आपण संपवलं. याच चर्चमध्ये! माझ्या बापाला नावानिशी पुरायला माणूस नव्हता, तो आपल्यामुळे. आता हिला आणू, केक भरवू, आणि दोन नाताळांत हिचेही बूट मांडीवर येतील. उत्तर नसेल तर सही नाही. कोणालाच आणू नका!"

"आवाज का कापतोय रे तुझा?" मॅव्हिसबाई डोळे बारीक करून म्हणाल्या. "पोरा… तू तिच्या प्रेमात पडलायस."

"हो! पडलोय! म्हणून काय प्रश्न खोटा ठरतो?"

आर्चडीकनांनी फाइल मिटली. "मिस्टर प्रीस, हे आधी सांगायला हवं होतं. तुमचा नकार मला धरता येणार नाही. बाहेर थांबा."

बरोबरच होतं ते, म्हणून जास्त लागलं. सायलस उठला. दारापर्यंत पोचला, तेव्हा मागून मॅव्हिसबाईंची काठी फरशीवर आपटली.

"याचा बाद ना? मग माझा धरा."

"तुमचा काय, मिसेस बफ्टन?"

"नकार!"

"बाई पाद्री नको म्हणून?"

"ते सकाळचं होतं. दुपारी त्या पोरीने माझा केक खाल्ला आणि तोंडावर सांगितलं, कोरडा झालाय म्हणून. लेसी कधी बोलला नाही. दर आठवड्याला गुमान संपवायचा, बिचारा." त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "मला आज कळलं तो का गेला ते. बसा सगळे. उत्तर लिहिल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही."

सायलस बाहेर कबरस्तानाच्या भिंतीवर बसला. आतून भांडण ऐकू येत होतं – पाच गावांचं, पाच पिढ्यांचं. जूनमधलं लांबलेलं ऊन सफरचंदांच्या बागांवर होतं. फोन वाजला.

"नेमणूक अडलीय म्हणे." ज्युडिथचा आवाज, मागे स्टेशनचा गोंगाट. "कोणी अडवली ते सांगत नाहीत."

"आधी मी."

मागे कसली तरी घोषणा झाली.

"तुम्ही," ती म्हणाली. "पाच चहा प्यायले मी. पाच! आणि तुम्ही… मी नको होते, तर रोज काच पुसून रस्त्याकडे काय बघत होतात? मेंढ्या?"

"पाहिलंत तुम्ही ते?"

"सायकलवरून सगळं दिसतं!"

"तू हवी आहेस, म्हणूनच नाही म्हणालो," सायलस म्हणाला. "फोनवर नाही सांगता येणार. लिहितो."

"आता? मार्चपासून वाट बघतेय मी!"

"हो. आता."

"मग उत्तर येईपर्यंत मी बोलणार नाही तुझ्याशी." फोन बंद झाला. पण 'तुझ्याशी' म्हणाली होती ती. सायलसने फोन कानाला तसाच धरून ठेवला.

सूर्य टेकडीला लागला तेव्हा मॅव्हिसबाई बाहेर आल्या. आवाज बसलेला, हातात खाडाखोडीने भरलेला कागद. "घे. नीट अक्षरात लिही. सह्या आम्ही सगळे करतो."

"मी आता प्रतिनिधी नाही, काकू."

"कारकून तर आहेस! लिही."

तो भिंतीवर कागद ठेवून लिहू लागला. दर रविवारी एकाच चर्चमध्ये प्रार्थना, पाळीपाळीने. बाकीची चार गावं आपापल्या गाड्या काढून तिथे येतील. नाताळची मध्यरात्र एकाच गावी, चिठ्ठी टाकून. कुलूप, हीटर आणि गवत यांची काळजी गावाकडे. सोमवारी, सुटीच्या दिवशी, पाद्रीबाईंच्या दारावर कोणी टकटक करणार नाही – मॅव्हिस बफ्टनसुद्धा नाही. आणि वर, सगळ्यात आधी: आधीचे पाद्री गेले, कारण आम्ही त्यांना एकदाही विचारलं नाही, दमलात का.

सह्या झाल्या. खाली बोटभर जागा उरली. सायलसने आजूबाजूला पाहिलं आणि पाठ करून लिहिलं:

'पाद्र्यासाठी गाव काय करील, ते वर आहे. ज्युडिथसाठी सायलस काय करील, ते तू विचारलेलं नाहीस. माझ्या नावावर नेलेल्या पुस्तकाची मुदत केव्हाच संपली. तू पाद्री हो किंवा होऊ नकोस, पण ते परत करायला ये. रांगेत तेवढी जागा मी मोकळी ठेवलीय, आणि मला ती बघवत नाही.'

चर्चच्या भिंतीतच टपालाची लाल पेटी होती, गंज चढलेली. त्याने पाकीट फटीत सरकवलं. अर्धं आत, अर्धं बाहेर… आणि बोटं सुटेनात.

"सोड की आता!" मॅव्हिसबाई गाडीतून ओरडल्या. "आम्हाला पाद्री हवाय!"

त्याने सोडलं. पाकीट आत पडल्याचा आवाज आला.