रुमालाची खूण

वासुदेवराव गुरुजी चार वर्षं पोरांकडून नुसत्या पेट्या, किटल्या आणि मडकी काढून घेत होते. शाळेसमोरून गिरडकडे सरळसोट रस्ता जायचा, दोन्हीकडे कडुलिंब. दूरचं लहान दिसतं हे शिकवायला याहून चांगली जागा जिल्ह्यात नव्हती. पण ड्रॉइंगचे हे गुरुजी त्या रस्त्याकडे पाठ करून बसत. अठ्ठावन्न साली तपासणीच्या साहेबांनी शेरा मारला तेव्हा कुठे नाइलाजानं त्यांनी सातवीला व्हरांड्यात आणलं.

माघातली दुपार होती. कापसाच्या बैलबंड्या सकाळीच बाजाराला गेल्या होत्या. गुरुजींनी फळ्यावर क्षितिजाची आडवी रेघ ओढली.

"उभ्या माणसाचं डोकं दूर असो की जवळ, याच रेघेवर राहतं. माणूस जवळ आला की पाय तेवढे खाली उतरतात."

पोरं मुकाट्यानं काढू लागली. गुरुजी रांगेतून फिरले आणि जागीच थबकले. प्रत्येक वहीत रस्त्यावर एक पोरगी होती. परकर, दोन वेण्या.

"माणूस काढायला कोणी सांगितलं?"

"थे उभी हाय न, गुरुजी," कवडू म्हणाला.

गुरुजींनी पाहिलं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

"आणि पाय असे? तोंड इकडे, टाचाही इकडे?"

"तशेच हायेत, गुरुजी..."

गुरुजींनी ओळखलं. चार वर्षांमागे याच व्हरांड्यातून, दूरचं लहान दिसतं हे दाखवायला, त्यांनी वर्गातल्या नलूला रस्त्यावर पाठवलं होतं. तोंड वर्गाकडे ठेव, उलट्या पावलांनी चालत जा, मी रुमाल वर केला की थांब. मग ताराचंदच्या वहीतल्या चुकलेल्या रेघा खोडण्यात ते असे रमले, की रुमाल खिशातच राहिला. नलू आज्ञेची पक्की, चालतच राहिली. मागे रस्त्यालगत मुरमाची खोल खदान होती, तीत ती पडली.

पंचनाम्यात गुरुजींनी सांगितलं, पोरगी न विचारता पळाली. छडीच्या धाकानं वर्गानं माना डोलावल्या. "माही नलू न इचारता कुठीच जात नव्हती," एवढंच तिची आई धुरपता म्हणाली होती. गावानं मेल्या पोरीला उनाड ठरवलं. गुरुजींची नोकरी टिकली, झोप तेवढी गेली.

"जवळ येऊन राह्यली..." कवडू पुटपुटला.

पोरं खोडरबरानं पाय पुसत होती आणि खाली काढत होती. पुन्हा पुसत होती.

गुरुजींनी खिशातून रुमाल काढून वर केला. सगळी रबरं थांबली.

"थांबली?"

"हो. तुमच्या हाताकडं पाह्यते..."

खांदा भरून आला. हात जरा ढळला की रबरं चालायला लागत. गुरुजींनी पोरांतल्या नत्थूला शेजारच्या वावरात पिटाळलं. धुरपता तिथं कापूस वेचत होती. ओटीतला कापूस तसाच घेऊन ती व्हरांड्याशी येऊन उभी राहिली.

"मीच पाठवलं होतं तिला, बाई," हात वर धरूनच गुरुजी म्हणाले. त्यांना रडू आवरेना. "रुमाल दाखवायला विसरलो... आणि खोटं बोललो."

धुरपता रस्त्याकडे पाहत राहिली. तिला काय दिसलं, कोण जाणे.

"चार वर्सं मले हेच आयकाचं होतं," ती म्हणाली. "आता हात खाली करा."

"ती येईल, बाई..."

"येऊ द्या माह्या लेकीले. आखीन किती येळ उभी ठेवता?"

गुरुजींनी हात खाली घेतला. रबरं पुन्हा चालू लागली. बराच वेळ चालली. मग एकेक करून थांबली. आता प्रत्येक वहीतला रस्ता रिकामा होता.

कवडू टाटपट्टीवर थोडा सरकला. शेजारी एकाला पुरेल एवढी जागा झाली. त्या जागेकडे बघत तो हळूच म्हणाला,

"गुरुजी... बसू काय म्हून इचारून राह्यली."