पायली आणि मापटं

“ओ खांबावरचे! आमचं नेट का रांगतंय?”

खांबावरच्या माणसानं वाकून खाली पाहिलं. छत्रीखाली, कपाळाला आठ्या घालून एक मुलगी उभी होती. दातांत धरलेली, वायर बांधायची पट्टी काढून तो म्हणाला, “रांगतंय? आत्ताच तर मोजलं म्या. शंभर हाय, बरोब्बर शंभर.”

“मग माझा लॅपटॉप खोटं बोलतोय?”

“लॅपटॉप खोटं बोलत न्हाई, मॅडम. माणसं बोलतात.”

माधुरीला धक्काच बसला. अण्णा गेल्यापासून सगळं उत्रोली गाव तिच्याशी हळू आवाजात, जपून बोलत होतं. आणि हा गडी खांबावरून खुशाल थट्टा करत होता! राग यायला हवा होता... पण का कोण जाणे, बरं वाटलं.

“उतरा खाली,” ती म्हणाली, “आणि स्वतःच बघा.”

तो उतरला. नाव सम्राट, गाव पासली. भोर-वेल्ह्याच्या गावागावांत नेटची केबल ओढायचं काम. बारीक पावसात त्याचे केस भिजले होते. मागच्या खाचरांत भात फुलोऱ्यावर आलं होतं आणि तो मंद वास त्याच्यामागोमाग घरात शिरला. उंबऱ्याशी चपला काढताना त्याची नजर भिंतीवरच्या फोटोवर गेली.

“जगनभाऊ शूटिंगवाले... तुमचे?”

“वडील.”

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं. “मला ठाऊक नव्हतं. न्हाईतर मगाशी—”

“तसंच बोला,” ती चटकन म्हणाली. “मगासारखं.”

टेबलावर एक जुनी, जड हार्डडिस्क घुर्रघुर्र करत होती. ती लॅपटॉपला जोडलेली, आणि लॅपटॉपवरून फायली थेट इंटरनेटवर चढत होत्या. मुंगीच्या पावलानं.

“लग्नात मंगलाष्टकं असोत की बुद्धवंदना, अण्णा कायम कॅमेऱ्यामागं,” माधुरी सांगू लागली. “त्यामुळं ते एकाही व्हिडिओत दिसत नाहीत. आवाज तेवढा आहे. आणि तो आवाज... तो मला आता नीट आठवत नाही. ही डिस्क तासाभरात तापून बंद पडते. या वेळी बंद पडली तर पुन्हा सुरू होईल याची खात्री नाही, असं भोरचा दुकानदार म्हणाला. मी हिशोब करूनच बसले होते. डिस्कवर एकशे तेहेतीस लिहिलंय, तुमचं नेट शंभरचं. म्हणजे जवळजवळ सारखंच. तासाच्या आत सगळं—”

सम्राटनं हात लांब केला आणि नेटची वायर उपटली.

“काय केलंत!” ती किंचाळली. तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं होतं, आणि ते तिच्या ध्यानातही नव्हतं.

“मॅडम, डिस्क पायलीनं मोजती, नेट मापट्यानं.”

“काय?”

“डिस्कचा आकडा बाइटमधला, नेटचा बिटमधला. आठ बिटांचा एक बाइट.”

“आठ मापट्यांची पायली,” चुलीपाशी तांदूळ मोजत बसलेली तिची आई, पारूबाई, आतूनच म्हणाली. “एवढं तर मलाबी कळतंय.”

माधुरीनं त्याचं मनगट सोडलं. आठपट! शंभरचं नेट म्हणजे डिस्कच्या मापात जेमतेम साडेबारा. दोन तास लागले असते. अण्णांचा आवाज अर्ध्यावर, तिच्या डोळ्यांदेखत गेला असता.

“आधी सगळं लॅपटॉपमध्ये उतरवा,” सम्राट म्हणाला. “नेटवर मागनं सावकाश चढवू. तुमचे एकशे तेहेतीस म्हंजी नेटच्या भाषेत हजाराच्या वर. धा मिनिटांत काम—”

“छे! तो आकडा डिस्कच्या पाठीवरचा. एवढी पळाली असती, तर फायली उतरवताना अण्णा मधे चहाला उठले नसते. तीस धरा. पाऊण तास.”

“पाऊण तास टिकंल?”

“तापली नाही तर.”

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं... आणि सम्राटनं आत जाऊन पारूबाईंच्या पुढ्यातलं सूपच आणलं.

“आवं, माझं सूप!”

“मावशी, आज तांदूळ न्हाई, जगनभाऊंना पाखडायचंय!”

माधुरी हसली. स्वतःच्या हसण्याचा आवाज ऐकून दचकली.

तो वारा घालत राहिला. हात भरून आला की ती सूप घ्यायची. बोटांना बोटं लागायची आणि दोघंही घाईनं डिस्ककडं बघायची.

“खांबावरून किती मुलींना खोटं ठरवता हो रोज?”

“पहिल्याच हाय तुमी. बाकीच्या नुसत्या तक्रार करतात... हिशोब करून भांडायला कुणी येत न्हाई.”

शेवटची फाइल उतरली. मग डिस्कमधून खट् असा आवाज आला, आणि ती गप्प झाली. कायमची.

माधुरीनं पहिलाच व्हिडिओ उघडला. कुठल्याशा गावचा मांडव. बँडबाजा. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव डोळे वटारून सरळ कॅमेऱ्यात बघत होता. आणि मग, अगदी जवळून, या खोलीतच कुणी असावं तसा—

“आरं नवरदेवा, कॅमेऱ्याकडं काय बघतुयास? तिच्याकडं बघ की!”

माधुरीचा हात तोंडावर गेला. हाच. थोडा खरखरीत, शेवटच्या शब्दावर हसू दाबलेला. हाच तो. आत भांडं पडल्याचा आवाज झाला आणि पारूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, पदर डोळ्यांना लावून.

किती वेळ ती रडली, तिलाही कळलं नाही. मग जाणवलं, सुपाचा वारा केव्हाचा थांबलाय. तिनं वळून पाहिलं.

सम्राट पडद्याकडं बघतच नव्हता.

“ते... नवरदेवाला म्हणाले होते,” ती कशीबशी म्हणाली.

“व्हय,” त्याचे कान लाल झाले होते, पण नजर हलली नाही. “मी खांबावर हुतो तवापासूनच बघतोय. त्यांनी आत्ता सांगितलं.”

तिनं डोळे पुसले. खाली पडलेली नेटची वायर उचलून त्याच्या हातात दिली.

“लावा. आता चढू दे सावकाश.”

“दोन तास लागतील.”

“लागू देत,” ती म्हणाली, “मी कुठं मोजतेय?”