तीनदा वारलेले रावसाहेब

“आमचे रावसाहेब तीनदा वारले हो,” दंतवैद्य म्हणाले आणि खुर्चीत बसून त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं.

मेव्हण्यांनी लगेच चेहरा पाडला. कुणी वारल्याचं कळलं की आधी हळहळायचं आणि विचार मागाहून करायचा, ही त्यांची पद्धत. “अरेरे! वय काय होतं?”

“आठ वर्षं.”

“आठ!” मेव्हण्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. मग त्यांना दुसरा भाग आठवला. “आणि तीनदा?”

“मेव्हणे, घोडा आहे तो,” दाजी वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले. “यांच्या बुटांना लीद लागलीय आणि बाहीला तांबूस केस चिकटलेत. तुम्ही चहा सांगा.”

दाजी खाजगी तपासाचं काम करत. मेव्हणे म्हणजे त्यांच्या बायकोचे धाकटे भाऊ. ‘याला जरा तुमच्या हाताखाली घ्या’ असं बायको एकदा म्हणाली होती, आणि त्या वाक्यातून दाजींची अजून सुटका झाली नव्हती.

“चहा नको,” दंतवैद्य म्हणाले. “दातांचा साचा तोंडात घेऊन एक गृहस्थ माझ्या खुर्चीत बसलेत. मला लवकर परत जायला हवं. थोडक्यात सांगतो.”

त्यांची लेक मुलांना घोड्यावर बसायला शिकवायची. गेल्या वर्षी त्यांनी तिला हौसेनं एक घोडा घेऊन दिला. “दात बघितले मी त्याचे. काय दात होते, वा! बाकी काही बघितलं नाही. त्यानं पहिल्याच आठवड्यात तिला कुंपणावर फेकलं. पाय मोडला. पाय जुळला, पण पोर परत घोड्यावर बसली नाही. लांबून घोडा दिसला तरी रस्ता बदलायची.”

“आणि आता रावसाहेब,” दाजी म्हणाले.

“या वेळी मी शहाणा झालो. घोडा आधी घरी आणून ठेवला. म्हटलं, स्वभाव बघू, काय शिकलाय ते बघू, मगच घेऊ. पहिले दिवस इतके छान गेले! लेक आपणहून त्याला खरारा करायला लागली. परवा तिनं त्याच्यावर खोगीर चढवलं. मी खिडकीतून बघत होतो, श्वास रोखून. ती घोड्याच्या पलीकडं होती. आणि तो धाडकन आडवा! पाय ताठ, डोळे मिटलेले. थोड्या वेळानं उठला. तेव्हापासून तीनदा झालं. गुरांच्या डॉक्टरांनी हृदय तपासलं, रक्त तपासलं. घोडा ठणठणीत आहे म्हणतात.”

“संशय?”

“विष! आज दुपारी घोडेवाल्या बाई येतायत. घेणार नसाल तर घेऊन जाते म्हणाल्या. तो गेला ना दाजी, तर माझी पोर पुन्हा कधी घोड्याला हात लावायची नाही. मी तिचं एकदा वाटोळं केलंय. दुसऱ्यांदा करायचं नाहीये मला.”

दाजींनी आता वर्तमानपत्र खाली ठेवलं. “परवा घरात काय बदललं?”

“काही नाही. माझी बहीण मैत्रिणीकडून परत आली आणि जावई परगावचं काम संपवून परत आला. एकाच गाडीनं आले दोघं.”

मेव्हण्यांनी डोळे बारीक केले. जावई! त्यांच्या मनात खटला चालून निकालही लागला.

दंतवैद्यांच्या घरात पुढं दवाखाना होता, मागं अंगण आणि अंगणाच्या टोकाला तबेला. दवाखान्यातले गृहस्थ तोंड वासून तसेच बसले होते. त्यांनी डोळ्यांनीच नमस्कार केला.

रावसाहेब अंगणात उभे होते. उंच, तांबूस, कपाळावर पांढरा टिळा. लेक त्यांच्या मानेवरून ब्रश फिरवत होती आणि ते डोळे अर्धवट मिटून तिच्या खांद्यावर हनुवटी टेकून होते.

“पहिल्यांदा पडला तेव्हा तुम्ही कुठं होतात?” दाजींनी विचारलं.

“शेजारीच.”

“किती शेजारी?”

लेकीचा ब्रश थांबला. तिनं दवाखान्याच्या खिडकीकडं पाहिलं. “अगदी शेजारी नाही,” ती म्हणाली आणि उगाचच ब्रशमधले केस काढत बसली. “खोगीर मी आत्याच्या वाळत घातलेल्या चादरीवर टेकवलं होतं. ती आतून तोंडसुख घेत होती. तेवढ्यात हा पडला. बाबा हातावर हात आपटत ‘संपलं, संपलं’ करत धावत आले. ते पोचले तर हा उठून बसलेला.”

“घाबरलात?”

“हो,” ती म्हणाली. मग हळूच, “पण घोड्याला नाही घाबरले. याला परत नेतील, त्याला घाबरले.”

जावई तबेल्याच्या दाराशी उभा होता. मेव्हण्यांनी त्याच्या विजारीच्या गुडघ्यावर दवानं चिकटलेलं गवत पाहिलं, तो एका पायावर लंगडतोय हेही पाहिलं आणि दाजींना कोपरानं ढोसलं. दाजींनी त्यांचं कोपर बाजूला केलं.

“घोडे आवडतात का तुम्हाला?” दाजी.

“छे! भीती वाटते. बायकोचं काय झालं ते बघितलंय ना मी. पण मी विष घातलेलं नाही. गाजर घातलं होतं.”

“कधी?” मेव्हण्यांनी झडप घातली.

“दुसऱ्यांदा पडला तेव्हा. मी गाजर धरलं, स्वयंपाकघरातून आत्या माझ्यावर कडाडल्या, जेवणासाठी आणलेली गाजरं होती म्हणून. आणि हा पडला. गाजर खाल्लंच नव्हतं! शेजारच्या कोंबड्या गोळा झाल्या. मी टाळ्या पिटून त्यांना हाकललं. तोवर हे महाशय उभे. मग खाल्लं गाजर. वर माझे खिसेही हुंगले.”

“पहाटे तबेल्यात काय करता?” दाजींनी सहज विचारलं.

जावयाचे कान लाल झाले. “मी... ते... सांगायलाच पाहिजे का?”

“आत्ता नको.”

मेव्हण्यांना हे काही पटलं नाही. गुन्हेगार हातात आल्यावर ‘आत्ता नको’ कसलं?

आत्या स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या. बाईंचा आवाज खणखणीत. “बसा. काय विचारायचं ते विचारा. मला तो घोडा आवडत नाही, लपवायचं काय त्यात? एकानं भाचीचा पाय मोडला, पुरे नाही झालं? पण विष? अहो, मी झुरळसुद्धा पुठ्ठ्यावर घेऊन बाहेर सोडते. काल तो पडला तेव्हा मी दारात उभी होते. माशांनी नुसता उच्छाद मांडला होता, त्यांना चार शब्द सुनावत होते. बघते तर हा आडवा! मी कणकेचे हात आपटून झटकले आणि निघाले भाचीला बोलवायला, तर मागं वळून बघते तो स्वारी माझ्या पदराशी. हाताला पीठ होतं ते चाटतोय! लाज म्हणून नाही.”

“तुम्ही नव्हतात त्या दिवसांत तो पडला नाही.”

“जावईही नव्हते तेव्हा,” आत्या फणकारल्या. तेवढ्यात ओट्यावर मांजर चढलं. आत्यांनी लाटणं उगारलं. “मर मेल्या! दुधात तोंड घालतोस?”

मांजर खिडकीतून बाहेर. पाठोपाठ अंगणात धप्प आवाज झाला आणि लेकीची किंकाळी.

मेव्हणे धावले. रावसाहेब कुशीवर पडले होते, चारी पाय ताठ. लेक त्यांच्या डोक्याशी बसून रडत होती. मेव्हणे गुडघे टेकून बसले, छातीला कान लावला. हृदय छान चाललेलं. मेव्हण्यांच्या नाकाभोवती एक डास केव्हापासून घोंगावत होता. त्यांनी तो दोन्ही तळव्यांत फट्कन चिरडला.

रावसाहेबांनी डोळा उघडला, उठले, अंग झाडलं आणि मेव्हण्यांच्या खिशात नाक खुपसलं.

“दाजी, वाचवलं मी याला!” मेव्हणे गहिवरले. “बघा, उपकार मानतोय बिचारा!”

दाजी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून हसत होते. मेव्हण्यांना त्यांचा राग आला. एवढं जनावर मरता मरता वाचलं आणि हा माणूस दात काढतोय!

घोडेवाल्या बाई आल्या त्या तावातावानंच. “माझ्या घोड्याला काय केलंत? अहो, किती शांत हे! मागच्या मालकांची फिरती मंडळी होती. तंबू, बँड, गर्दी. शेजारी बंदूक उडाली तरी हे कान हलवत नाहीत.”

“त्या मंडळींकडं काय काम होतं याला?” दाजींनी विचारलं.

“ते मी नाही विचारलं. ‘गुणी कलाकार आहे’ एवढंच म्हणाले. मला वाटलं कौतुकानं म्हणाले. आणि गिऱ्हाईकं तरी कुठं विचारतात? सगळे येतात आणि दात बघतात.”

दंतवैद्यांनी मान खाली घातली.

“तुमच्याकडं कधी पडला?”

“कधीच नाही. मी यांना कधी अरेतुरेसुद्धा केलं नाही हो! माझ्याकडच्या सगळ्या घोड्यांशी मी अहोजाहोच बोलते. चला, थांबा, वळा. तेही माणसांत आहेत.”

“संपलं,” दाजी म्हणाले. “सगळ्यांना अंगणात बोलवा.”

सगळे जमले. साचा तोंडात घेतलेले गृहस्थही ॲप्रनसकट येऊन उभे राहिले. मागं काय चाललंय ते कळेना म्हणून त्यांचा जीव कासावीस झाला होता.

“विष कुणी घातलेलं नाही,” दाजींनी सुरुवात केली. “गाजर पोटात जायच्या आधीच घोडा पडला, आणि विषानं पडलेलं जनावर उठल्या उठल्या खिसे हुंगत नाही. मग खिसे कोण हुंगतं? ज्याला काम केल्यावर साखरेचा खडा मिळायची सवय आहे तो. ‘गुणी कलाकार’. बाई, हे रावसाहेब खेळ करणाऱ्या मंडळींत होते. बंदूक उडायची आणि यांनी मरून पडायचं.”

“पण इथं बंदूक कुठाय?” मेव्हणे म्हणाले.

“बंदुकीला ते कान हलवत नाहीत, बाईंनीच सांगितलं. म्हणजे खूण बंदुकीची नव्हे, शब्दाची. तो पडला तेव्हा दर वेळी एकच आवाज चालू होता. चादरीवरून, गाजरांवरून, माशांवरून, आज मांजरावरून.”

सगळ्यांनी आत्यांकडं पाहिलं.

“मी?” आत्या भडकल्या. “मी काय म्हटलं त्याला?”

“त्याला काहीच नाही. पण बोलता काय तुम्ही?” दाजी घोड्याकडं वळले आणि अगदी हळू, प्रेमानं म्हणाले, “मर.”

रावसाहेबांनी एक सुस्कारा सोडला, गुडघे मुडपले आणि ते अदबीनं वारले.

“अगंबाई!” आत्यांनी तोंडावर हात घेतला. “म्हणजे परवापासून मीच याला...”

“घोडेवाल्या बाई फार झालं तर ‘मरा’ म्हणाल्या असत्या. त्यांच्याकडं हा सुखरूप राहिला तो त्यामुळं. आणि उठायचं कशानं? कलाकार कशानं उठतो?” दाजींनी टाळी वाजवली. रावसाहेब उठले आणि एक पाय पुढं टाकून त्यांनी सगळ्यांना मुजरा केला. “दंतवैद्यांनी हात आपटले, जावयांनी कोंबड्या हाकलल्या, आत्यांनी पीठ झटकलं. मेव्हणे, तुम्ही डास मारलात.”

“मी वाचवलं नाही?” मेव्हण्यांचा चेहरा पडला.

“आणि जावई?” दंतवैद्यांनी दबक्या आवाजात विचारलं. “पहाटे तबेल्यात?”

“बसायला शिकतोय,” जावई एका दमात बोलून गेला. “दोन्ही दिवस पडलो. म्हटलं, तिच्याआधी मी बसून बघतो. काही वाईट व्हायचं असेल तर माझं होऊ दे.”

लेकीनं त्याच्याकडं पाहिलं. “वेड्या,” ती म्हणाली, आणि तिनं त्याच्या गुडघ्यावरचं गवत काढलं.

दंतवैद्य मात्र हताश होते. “म्हणजे खोटा निघालाच. कुणी एक शब्द बोलायचा अवकाश की हा माझ्या पोरीला अंगाखाली घेणार. न्या हो बाई याला.”

“ही झाली शिकवण,” दाजी म्हणाले. “स्वभाव राहिलाच की. ताई, पहिल्यांदा पडला तेव्हा तुम्ही किती शेजारी होतात? आता सांगा.”

लेकीनं घोड्याच्या मानेवर हात ठेवला. मग म्हणाली, “रिकिबीत पाय होता माझा. पलीकडून वर चढत होते मी.”

दंतवैद्यांचं तोंड उघडंच राहिलं.

“तो गुडघे मुडपायला लागला आणि थांबला, बाबा. सगळं अंग थरथरत होतं त्याचं, पण थांबला. मी पाय काढून बाजूला झाले, तेव्हा पडला. मी बसायला निघाले होते हे तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी त्याला परत धाडलं असतं.”

“पडायचं ते त्याला लोकांनी शिकवलं,” दाजी म्हणाले. “थांबायचं कुणी शिकवलेलं नाही.”

साच्यावाले गृहस्थ काहीतरी बोलले, पण ते कुणाला कळलं नाही.

“तो शब्द मी विसरायला लावीन त्याला,” लेक म्हणाली. “तोवर तबेल्यापाशी कुणी यायचं नाही. मुलांना इतक्यात याच्यावर बसवणार नाही. रोज थोडं थोडं करून घ्यावं लागेल. माझं कामच आहे ते.”

माझं काम! दंतवैद्यांनी हे दोन शब्द वर्षभरात ऐकले नव्हते. ते नुसते घोडेवाल्या बाईंकडं बघून मान हलवत राहिले, हो, हो. बाईंनी डोळे पुसले आणि रावसाहेबांना म्हणाल्या, “सांभाळून राहा बरं का.”

आत्यांनी पदराचा बोळा करून स्वतःच्या तोंडात कोंबला. लेकीनं खोगीर आवळलं. दंतवैद्य पुढं झाले, त्यांनी लगाम धरला आणि घोड्याच्या तोंडाशी उभे राहिले. तिनं रिकिबीत पाय घातला, एकदा श्वास घेतला आणि वर बसली. मेव्हणे हमसून हमसून रडत होते आणि त्यांना त्याची जराही लाज वाटत नव्हती.

घोडा हलेना. लेकीनं टाच लावली, तरी हलेना.

“काय झालं?” दंतवैद्य घाबरून म्हणाले. “का चालत नाही हा?”

“बाबा,” ती वरून म्हणाली, “लगाम सोडा.”

त्यांनी आपल्या हाताकडं पाहिलं. मूठ घट्ट आवळलेली होती, बोटं पांढरी पडली होती. त्यांनी ती एकेक करून उघडली आणि बाजूला झाले.