वायरीच्या त्या टोकाला

दिपाली, मीटर बंद कर. मल्हार, तू बी वायर गुंडाळ अन् हिकडं ये. राहिलेलं रीडिंग उद्या उजेडात घ्या. मी आपला जीपचा ड्रायव्हर, तुमच्या खडकातलं मला काही कळत न्हाई. पण अंधारात वायर ताणायची न्हाई, एवढं एक कळतं. कामून म्हणता? बसा, सांगतो. पेडगावची लाईट आता काही येत न्हाई, अन् भाकरीला बी अजून वेळ हाय.

माझ्या मेहुणीची एक लेक हाय, ज्ञानेश्वरी. तिच्यासंगं घडलेलं हे. आईबाप दरसाल दिवाळी झाली की ऊसतोडीला, कोयत्यावर जायचे, म्हणून ही आमच्या घरी राहून शिकली. भूगर्भशास्त्र घेऊन बीएस्सी झाली अन् गंगाखेडला पाण्याचा सर्वे करणाऱ्या एका हापिसात शिकाऊ म्हणून लागली. तुमच्यासारखीच. तिच्या जोडीला हरिओम नावाचा पोरगा. दोघं शिकाऊ, अन् कायमची जागा एकच. त्यांच्या बन्सीधर सरांनी सांगितलं, एकेक शेत स्वतःच्या जबाबदारीवर तपासून आणा, ज्याचं काम चोख त्याला ठेवू. हिचा बाप तर म्हणलाच होता, नोकरी न्हाई लागली तर पुढल्या हंगामाला लग्न, अन् नवऱ्यासंगं कोयता.

आता जागा एक अन् काम तर दोघांनी मिळून करायचं. कसं व्हायचं? पोरगा बोलायला गोड होता, पण हिला त्याचा गोडवाच खुपायचा. आधी एकदा हिच्या पाळीला वायरीचा चिमटा सैल निघाला होता. हरिओम म्हणला, गंजला असंल. हिच्या मनात मात्र शक बसला तो बसला.

रात्र सांगतो कोणती ते. दोन हजार चोवीस साल, जानेवारीची बारा तारीख, शुक्रवार. आदल्या दिवशी येळवस, अमावस्या. येळवशीला शेतात पूजा, आंबील, पाहुणेरावळे, त्या दिवशी रानात कोण सळई ठोकू देतंय? म्हणून दुसऱ्या दिवशी दोघं मोटारसायकलीवर गेले. गाव पालमहून आत हाय. नाव सांगत न्हाई, तिथं लोक नांदायलेत. शेत भागवतरावाचं, पाळी हिची. त्याला बोअर कुठं पाडायचा ते बघून पाहिजे होतं. त्या हप्त्यात थ्री फेज लाईट दिवसाची होती. चौफेर मोटारी चालू असल्या की जमिनीत करंट भटकतो अन् मीटर येड्यावाणी करतं. संध्याकाळी लाईट गेली, मोटारी बंद पडल्या, तवा कुठं कामाला हात लागला. तोवर दिवस बुडालेला.

मधी ज्ञानेश्वरी, मीटर अन् वायरीची दोन रिळं घेऊन. मावळतीला हरभऱ्याच्या रानात भागवतराव. उगवतीला ज्वारीच्या कडंनं, बांधाच्या धुऱ्याधुऱ्यानं हरिओम. वायर ओढत न्यायची, सळई ठोकायची, चिमटा लावायचा अन् ओरडायचं, ‘लागला!’ दोन्हीकडून आवाज आला की हिनं बटण दाबायचं, करंट जमिनीतून जातो अन् मीटरवर आकडा येतो. मग सळया उपटून आणखी लांब जायचं. जितकं लांब, तितकं खोलचं कळतं. हे तुमालाच काय सांगायचं?

सुरुवातीची रीडिंग झकास आली. वर मुरूम, खाली काळा खडक, अन् त्याच्याखाली काहीतरी मऊ. पोरगी खूश झाली. म्हणाली, जागा आपलीच.

मग उगवतीचा बॅटरीचा उजेड दिसंना. हिला वाटलं, ज्वारी आड आली असंल.

“लागला हो ताई!” मावळतीहून भागवतराव.

“लागला.” उगवतीहून हरिओम.

बटण दाबलं. आकडा आला तो भलताच. पुन्हा दाबलं. तोच.

“हरिओम, सळई नीट ठोकलीस का?”

“लागला.”

“पाणी टाक तिथं जरा.”

“लागला.”

हिचं डोकं फिरलं. म्हणलं, आलं ध्यानात. सळई ठोकतच न्हाई हा. चिमटा हातात धरून नुसता बसलाय, अन् उद्या सरांना सांगणार, हिला मशीन चालवता येत न्हाई. फोन लावला, तर रेंज न्हाई. मग जोरात ओरडली, “मी येऊन बघू का तिथं?”

ज्वारीची पानं तेवढी वाजायली होती.

अन् रीळ फिरायला लागलं.

उगवतीचं रीळ. हळूहळू. हिनं पुढं जा म्हणलेलंच न्हाई. तरी वायर चालली… चालली… जसं कुणी खांद्यावर टाकून निवांत चाललंय.

“हरिओम! थांब तिथंच!”

रीळ थांबलं. आवाज आला, आधीपेक्षा लांबून.

“लागला.”

तिनं मावळतीला तोंड करून हाक मारली, “भागवतकाका, हिकडं या. लवकर या.” भागवतराव सळई तशीच सोडून ढेकळं तुडवत आला. त्याला वाटलं, पोरीला विंचूबिंचू चावला. ही म्हणाली, “काका, हा पोरगा मला फसवायलाय. तुमी साक्षीला चला, त्याला तिथंच धरू.” भागवतराव हसला. म्हणला, “अगं, तुमचं तुमच्यात बघा, मला कशाला…”

तेवढ्यात पाठीमागून उजेड आला. रस्त्याच्या बाजूनं. कुणीतरी लंगडत यायलं होतं.

हरिओम.

“कुणावर ओरडायलीस?” तो म्हणला.

ज्ञानेश्वरी बघतच राहिली. “तू… कुठं होतास?”

“गाडीकडं. बाभळीचा काटा चपलेतून आरपार गेला, अन् बॅटरी बी विझली. डिक्कीतली दुसरी आणायला गेलतो. बांधाबांधानं वळसा घालून गेलो. सांगितलं की तुला. ओरडून सांगितलं, काटा मोडलाय, गाडीकडं जाऊन येतो. तू म्हणालीस, हो, ये.”

“मी न्हाई म्हणाले.”

“म्हणालीस की. तुझाच आवाज होता.”

ती भागवतरावाकडं बघायली, भागवतराव हरिओमकडं. तिघांच्याही मनात एकच, की ह्यातलं कोण खोटं बोलायलंय? ज्ञानेश्वरी मला म्हणाली, काका, त्या घडीला बी मला वाटलं, ह्या दोघांनी मिळून रचलंय सगळं. मी हरिओमच्या तोंडाकडं बॅटरी धरली अन् म्हणलं, आता बोल खरं.

त्याचं तोंड बंद होतं.

अन् तिकडून, ज्वारीच्या पलीकडून, त्याचाच आवाज…

“लागला.”

रीळ फिरायला लागलं. आता जरा जोरात. तिघं बघायलेत. एकेक वेढा सुटायलाय. सगळी वायर सुटली. रीळ उघडं पडलं. वायर ताठ झाली, जमिनीवरून उचलली गेली, थरथरली. अन् मग ढिली पडली.

वायर संपलेली. आवाज मात्र अजून लांब गेला.

“लागला…”

भागवतराव म्हणला, “सगळं टाका हितंच. चला.” पण पोरगी मोठी हट्टी. हापिसाचं सामान, उद्या काय सांगू, म्हणाली. मीटरवरची पिन काढली अन् रिळाचं हँडल फिरवायला बसली. हरिओम लंगडत तिच्या पाठीला पाठ लावून उभा राहिला, बॅटरी ज्वारीकडं धरून. भागवतरावाचे ओठ नुसते हलायले होते. वायर हलकी यायली होती. सळईचं वजन न्हाई, काही न्हाई. फिरवून फिरवून हिचा हात भरून आला. टोक आलं तवा कुणी बॅटरी मारून बघितलं न्हाई. बघायची हिंमतच न्हाई झाली. सामान उचललं अन् गाडीवर बसून दोघं थेट गंगाखेडला आले.

सकाळी ज्ञानेश्वरीनं सरांपुढं रीडिंग ठेवली अन् म्हणाली, “अलीकडची माझी. पुढची घेताना त्या टोकाला कोण होतं, मला माहीत न्हाई. ती मी माझी म्हणून देणार न्हाई.” सर भडकले. हरिओम खाली मान घालून म्हणला, “सर, ती खोटं बोलत न्हाई.” त्याला गप बसता आलं असतं. जागा त्याची झाली असती.

जागा पुढं हिलाच मिळाली. हरिओमनं हे काम सोडलं, परभणीत मोबाईलचं दुकान टाकलं. हिचा त्याच्यावरचा शक गेला का? म्हणते गेला. पण आज बी शेतात हिच्या माणसांना नुसतं ‘लागला’ म्हणायची परवानगी न्हाई. आधी स्वतःचं नाव घ्यायचं, मग बोलायचं.

त्या सकाळचं एक सांगतो अन् थांबतो. सर म्हणले, आकडे भलते आले म्हणजे वायर आतून तुटली असणार, उलगडून तपासा. हापिसामागच्या मैदानात दोघांनी मीटरकडच्या टोकापासून वायर उलगडली. लाल प्लॅस्टिकची वायर, नवी कोरी. कुठंच तुटलेली न्हाई. उलगडत उलगडत टोकापाशी आले…

चिमटा नव्हता.

लाल वायरीला पुढं दुसरी वायर जोडलेली. कापडाच्या वेष्टणाची, काळपट. तसली वायर हापिसात कुणी बघितलेली नव्हती, सरांनी बी न्हाई. चिखल लागलेला, अजून ओला. जोड मात्र नीट पीळ देऊन, दोऱ्यानं घट्ट बांधलेला.

सर ती वायर उलगडत गेले. मैदान संपलं… वायर संपली न्हाई.