आडवी नको नेऊ

बेटावरच्या चुलींत समुद्र शिरायला लागला, तेव्हा गावानं ठरवलं, आता समोरच्या किनाऱ्यावर जायचं. बेटांवर राहणारे गुना लोक तिकडे आजवर जात ते शेतीला, नदीचं पाणी भरायला आणि मेलेलं माणूस पोचवायला. मेलेली माणसं तिथे खड्ड्यात टांगलेल्या झोळीत निजतात, वर झावळ्यांचं छप्पर असतं. बायका सकाळच्या होडीनं जाऊन झाडझूड करतात, जेवण ठेवतात, गावच्या बातम्या सांगतात.

सगळ्यात शेवटी उरली इनादिलीची आई. कंबर गेलेली, जीभ तेवढी शाबूत.

"मला बसवून ने," ती म्हणाली. "आडवी नको नेऊ. आडवं मेलेलं माणूस नेतात."

"दोनदा कलंडलीस आई, बसवताना."

"तिसऱ्यांदा कलंडेन. तुझं काय जातंय?"

होडीवाला बिलिगिन्या हसला. "आजी, लाटा वाढतायत. उरलेलं भांडण तिकडे जाऊन कर, जागा भरपूर आहे."

आई जिवंत पोचावी, एवढंच इनादिलीला हवं होतं. तिनं तिला झोळीत निजवलं, झोळी बांबूला बांधली आणि पायांशी बसली. वाटभर म्हातारी डोळे मिटून पडली. उतरताना एवढंच म्हणाली, "पोचवलीस बाई मला."

नव्या घरात मात्र ती दोन वाडगे जेवली, छपराला नावं ठेवली. इनादिलीचा जीव भांड्यात पडला.

तिसऱ्या सकाळी रिकाम्या बेटावर धूर दिसला. पातळ, निळा, चुलीचा. आधी एका जागी, मग चार जागी.

"नारळाला गेलं असेल कुणीतरी," बिलिगिन्या म्हणाला. गावच्या सगळ्या होड्या त्याच्या मागेच बांधलेल्या होत्या. इनादिलीनं त्या मोजल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तशी बेटाकडून एक होडी आली. तीन बायका, डोक्याला लाल रुमाल. पुढची मानिदिली मावशी होती. तिच्या खड्ड्यातल्या झोळीची दोरी अकरा वर्षांपूर्वी इनादिलीनंच ओवली होती.

त्या दारातून सरळ आत आल्या. कुणाकडे बघितलं नाही. म्हाताऱ्या बहिणीच्या झोळीखालची जमीन मावशीनं हळूहळू झाडली, मग खाली बसली.

"अगं मानिदिली!" आई ओरडली. "जिवंत आहे मी! मेले, ऐक ना!"

मावशीनं डोळे पुसले.

"नारळ यंदा बरे लागलेत, ताई," ती झोळीशी बोलली. "पाणी चुलीपर्यंत येतं, पण आमचं काही अडत नाही."

"सगळं गाव एकदम गेलं गं," मागची बाई म्हणाली. "लेकरंसुद्धा."

"मावशी," इनादिली म्हणाली.

मावशीनं बरोबर आणलेल्या भांड्याचं झाकण काढलं. नारळाच्या रसात माशाबरोबर शिजलेली केळी, अजून वाफाळत होती. एक वाडगा तिनं आईच्या झोळीखाली ठेवला. दुसऱ्यातले माशाचे तुकडे बोटांनी एकेक करून काढले, कारण इनादिलीला मासा सोसत नसे, आणि तो वाडगा तिच्या पायांशी ठेवला.